शाळेची इमारत आणि कायद्याचे सात निकष

खेड्यातील शाळा पुष्कळ वर्षे मिळेल त्या जागेत भरत असे. कुठे देवळाची ओसरी, कुठे गावची चावडी, तर कुठे एखाद्या सद्‌गृहस्थाने दिलेला वाड्याचा सोपा. अशा जागांत शिकून अनेक पिढ्या पुढे आल्या, ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते आणि ती खरीही आहे. परंतु पावसाळ्यात ज्या शाळा भरूच शकल्या नाहीत, आडोसा नाही म्हणून ज्या मुली वयात येताच घरी बसल्या, पायऱ्या चढता येत नाहीत म्हणून ज्या मुलाचे नाव पटावर कधी आलेच नाही, त्यांची गणती या अभिमानात होत नाही. शाळेची इमारत कशी असावी हे कायद्याने ठरवून देण्याची आवश्यकता या न मोजलेल्या मुलांमुळे निर्माण झाली.

आज हे निकष कायद्यात आहेत आणि ते थोडक्या शब्दांत आहेत. शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि शाळा व्यवस्थापन समितीचे पालक यांना ते मुळातून ठाऊक असावेत, त्यांचा अर्थ कसा लावावा हे समजावे आणि उणीव आढळल्यास कोणत्या मार्गाने जावे याची माहिती असावी, या दृष्टीने पुढील विवेचन केले आहे.

योजनेपासून हक्कापर्यंत

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्राथमिक शाळांच्या भौतिक सुविधांचा प्रश्न ऐरणीवर आणला. १९८७ मध्ये सुरू झालेल्या खडू-फळा योजनेने प्रत्येक प्राथमिक शाळेसाठी किमान गरजा ठरविल्या : सर्व ऋतूंत वापरता येतील अशा दोन बऱ्यापैकी मोठ्या खोल्या, मुलांसाठी व मुलींसाठी स्वच्छतागृहे, किमान दोन शिक्षक आणि आवश्यक ते शैक्षणिक साहित्य. पुढे सर्व शिक्षा अभियानातून वर्गखोल्यांच्या बांधकामाला मोठी चालना मिळाली आणि २०१८ मध्ये ते अभियान समग्र शिक्षा योजनेत विलीन झाले.

या सर्व योजनांचे मोल मोठे आहे. तरीही योजनेतील सुविधा निधीच्या उपलब्धतेवर अवलंबून असते. एखाद्या गावास ती मिळाली नाही, तर त्या गावाने वाट पाहावी एवढाच त्याचा अर्थ होई. ही स्थिती बदलली ती घटनादुरुस्तीमुळे. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने संविधानात अनुच्छेद २१-क समाविष्ट झाला आणि सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाचा शिक्षणाचा हक्क हा मूलभूत हक्क ठरला. हा हक्क प्रत्यक्षात आणण्यासाठी संसदेने बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ संमत केला. १ एप्रिल २०१० पासून तो अंमलात आहे. त्याच्या अनुसूचीत शाळेसाठीचे निकष व मानके दिलेली आहेत आणि अधिसूचना काढून त्यांत बदल करण्याचा अधिकार कलम २० अन्वये केंद्र शासनाला आहे.

इमारतीचे निकष हक्काच्या कायद्यात आल्यामुळे एक महत्त्वाचा फरक पडला. शाळेला खोली, पाणी वा स्वच्छतागृह देणे हा आता शासनाचा वा दात्याचा अनुग्रह राहिलेला नाही. त्या शाळेत येणाऱ्या बालकाचे ते देणे आहे.

अनुसूचीतील सात बाबी

अनुसूचीनुसार शाळेची इमारत सर्व ऋतूंत वापरता येण्याजोगी असली पाहिजे आणि तेथे पुढील सात गोष्टी असल्या पाहिजेत :

१. प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली. शिवाय कार्यालय, भांडार व मुख्याध्यापक यांच्यासाठी मिळून एक खोली.
२. अडथळाविरहित प्रवेश.
३. मुलांसाठी व मुलींसाठी वेगवेगळी स्वच्छतागृहे.
४. सर्व बालकांसाठी सुरक्षित व पुरेसे पिण्याचे पाणी.
५. मध्यान्ह भोजन शाळेत शिजविले जात असल्यास स्वयंपाकघर.
६. क्रीडांगण.
७. इमारतीच्या सुरक्षिततेसाठी संरक्षक भिंत किंवा कुंपण.

याच अनुसूचीत इमारतीखेरीज ग्रंथालय, खेळाचे साहित्य व अध्यापन-साहित्य यांचीही तरतूद आहे. शाळेच्या ग्रंथालयात वर्तमानपत्र, नियतकालिके व सर्व विषयांची पुस्तके असावीत, त्यांत गोष्टींची पुस्तकेही असावीत, असे कायद्याने स्पष्ट म्हटले आहे.

खोलीचे वा क्रीडांगणाचे क्षेत्रफळ अनुसूचीत दिलेले नाही. स्वच्छतागृहांची संख्याही त्यात नाही. हे तपशील राष्ट्रीय इमारत संहिता, निरनिराळ्या योजनांच्या मार्गदर्शक सूचना आणि राज्य शासनाचे नियम यांतून घ्यावे लागतात. त्यामुळे अनुसूची हा पाया समजावा आणि तपशिलाचे काम त्यावर उभे करावे.

वर्गखोल्यांची गणना

पहिल्या निकषात खोल्यांची संख्या शिक्षकांच्या संख्येशी जोडली आहे आणि शिक्षकांची संख्या पटाशी जोडली आहे. इयत्ता पहिली ते पाचवीसाठी साठपर्यंत बालके असल्यास दोन शिक्षक, ६१ ते ९० बालकांना तीन, ९१ ते १२० बालकांना चार आणि १२१ ते २०० बालकांना पाच शिक्षक, असे प्रमाण अनुसूचीत आहे. सहावी ते आठवीसाठी प्रत्येक इयत्तेला किमान एक शिक्षक आणि दर ३५ बालकांमागे किमान एक शिक्षक हवा.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. एखाद्या शाळेत पहिली ते पाचवीत ८० आणि सहावी ते आठवीच्या तीन इयत्तांत मिळून ६० बालके आहेत, असे धरू. पहिल्या गटासाठी तीन आणि दुसऱ्या गटासाठी तीन असे सहा शिक्षक लागतील. म्हणून त्या शाळेला सहा वर्गखोल्या आणि कार्यालयाची एक खोली आवश्यक ठरते. पुढील वर्षी पहिल्या गटाचा पट ८० वरून ९५ वर गेला, तर शिक्षक चार होतील आणि एका खोलीची गरज वाढेल. यावरून पटाची नोंद अचूक असणे इमारतीच्या दृष्टीनेही किती महत्त्वाचे आहे हे दिसून येते. वाढीव खोलीची मागणी सिद्ध करणारा तोच मुख्य पुरावा होय.

खोली मोजताना ती वापरण्याजोगी आहे किंवा नाही हे पाहणे अगत्याचे आहे. गळणारी, भिंतीला तडे गेलेली वा जुन्या बाकांनी भरलेली खोली नोंदवहीत वर्गखोली म्हणून राहते. त्या खोलीत बसणारा वर्ग मात्र व्हरांड्यात भरतो. सर्व ऋतूंत वापरता येण्याजोगी इमारत, हे कायद्याचे शब्द अशा खोलीला लागू पडत नाहीत.

पाणी व स्वच्छता

स्वच्छतागृहाचा संबंध थेट शाळेच्या पटाशी आहे. जेथे स्वच्छतागृहे नसतात तेथे पालक मुलांना, विशेषतः मुलींना, शाळेत पाठविण्यास तयार नसतात, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयानेही ध्यानात घेतली. ३ ऑक्टोबर २०१२ रोजी दिलेल्या निर्णयात न्यायालयाने सर्व राज्यांना स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, वर्गखोल्या व शिक्षक यांची पूर्तता सहा महिन्यांच्या आत करण्याचे निर्देश दिले होते.

२०१४ मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ विद्यालय उपक्रमाच्या मार्गदर्शनानुसार एका एककात साधारणपणे एक शौचकूप व तीन मुताऱ्या असाव्यात आणि दर चाळीस विद्यार्थ्यांमागे असे एक एकक असावे. तदनुसार ज्या शाळेत ७२ मुली आहेत, तेथे केवळ मुलींसाठी दोन एककांची आवश्यकता आहे. आत कडी लागणारे दार, हात धुण्यासाठी पाणी व साबण आणि मासिक पाळीच्या काळात वापरलेल्या वस्तूंच्या विल्हेवाटीची सोय, या गोष्टी खर्चाने लहान परंतु परिणामाने मोठ्या आहेत.

पिण्याच्या पाण्याबाबत कायद्याने दोन विशेषणे वापरली आहेत : सुरक्षित आणि पुरेसे. आवारात हातपंप आहे एवढ्याने दोहोंची पूर्तता होतेच असे नाही. पाणी पिण्यायोग्य आहे हे भारतीय मानक १०५०० नुसार तपासून ठरवावयाचे असते. पाणी पुरेसे आहे की नाही हे उन्हाळ्यात ठरते. ऑक्टोबर २०२० मध्ये जल जीवन मिशनखाली शाळा व अंगणवाड्यांना नळाने पाणी देण्याची खास मोहीम हाती घेण्यात आली. नळजोडणी झाल्यावर टाकीची सफाई, तोट्यांची दुरुस्ती आणि पाण्याची वेळोवेळी तपासणी हे काम गावाकडेच राहते.

अडथळाविरहित प्रवेश

दिव्यांग बालक शाळेच्या दारापर्यंत पोहोचते आणि दोन पायऱ्यांपाशी थांबते, तेव्हा त्याच्यापुरती ती शाळा बंदच असते. अनुसूचीतील दुसरा निकष याच बालकासाठी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ नेही शासन-अनुदानित व मान्यताप्राप्त शैक्षणिक संस्थांच्या इमारती, आवार व सुविधा दिव्यांगांना सुगम असाव्यात अशी अपेक्षा ठेवली आहे.

सुगम इमारतींविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रॅम्पचा उतार एकास बारा यापेक्षा तीव्र असू नये. याचा अर्थ असा की जोत्याची उंची ४५ सेंटिमीटर असेल, तर रॅम्पची लांबी किमान ५ मीटर ४० सेंटिमीटर हवी. जागा कमी म्हणून दोन मीटरचा चढ बांधला, तर तपासणी-पत्रकात रॅम्प असल्याची नोंद होईल. चाकाच्या खुर्चीतील मुलाला मात्र तो चढता येणार नाही आणि उतरताना धोका संभवेल. कठडा, दाराशी सपाट जागा आणि स्वच्छतागृहापर्यंत जाणारी सलग वाट यांचाही विचार याच निकषात येतो. वर्गात पोहोचलेल्या बालकाला स्वच्छतागृहात जाता आले नाही, तर त्याचे शाळेत येणे फार दिवस टिकत नाही.

स्वयंपाकघर आणि आगीपासून संरक्षण

१६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतील कुंभकोणम येथील एका शाळेत लागलेल्या आगीत ९४ बालके मृत्युमुखी पडली. स्वयंपाकघरातील आग गवती छपरापर्यंत गेली आणि तेथून वर्गांत पसरली. या घटनेनंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००९ मध्ये निर्णय दिला. सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग होय, असे त्यात स्पष्ट करण्यात आले. शाळांच्या इमारती राष्ट्रीय इमारत संहितेनुसार सुरक्षित असाव्यात, अग्निशामक साधने बसवावीत व ती वापरण्याचे प्रशिक्षण शिक्षकांना द्यावे, असे निर्देशही न्यायालयाने दिले.

मध्यान्ह भोजन योजना, म्हणजेच २०२१ पासूनची प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजना, हिच्यासाठी ठरविलेल्या प्रमाणानुसार शंभरपर्यंत बालके असलेल्या शाळेत स्वयंपाकघर व भांडार मिळून २० चौरस मीटर जोतेक्षेत्र धरले जाते. पुढील दर शंभर बालकांसाठी, किंवा त्याच्या भागासाठी, ४ चौरस मीटर वाढ होते. २४० बालकांच्या शाळेसाठी हे क्षेत्र २८ चौरस मीटर येते. स्वयंपाकघर वर्गखोल्यांपासून वेगळे असावे, ही अट कुंभकोणमच्या पार्श्वभूमीवर वाचली म्हणजे तिचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. जळण, गॅसची टाकी आणि धान्य वर्गात ठेवणे सोयीचे वाटले तरी ते टाळलेच पाहिजे.

इमारत जुनी होते तेव्हा

नवीन खोली बांधण्याची चर्चा जितकी होते, तितकी जुन्या खोलीची होत नाही. वास्तविक धोका तेथे अधिक असतो. ऑगस्ट २०१७ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजेच आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील निंबोडी येथे जिल्हा परिषद शाळेच्या वर्गखोलीची पडझड होऊन तीन विद्यार्थी मरण पावले. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात सरकारी शाळेच्या इमारतीचा भाग कोसळून सात बालकांचा मृत्यू झाला. दोन्ही घटना पावसाळ्यातील आहेत. दगडमातीच्या भिंती, सडलेले वासे, गंजलेल्या सळया आणि छपरावर साचणारे पाणी यांची परीक्षा याच दिवसांत होते.

धोकादायक खोलीबाबत पहिले पाऊल एकच आहे : त्या खोलीत वर्ग भरविणे थांबविणे. त्यानंतर मुख्याध्यापकांनी गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवावे आणि बांधकाम विभागाच्या अभियंत्याकडून पाहणी करून घ्यावी. दुरुस्ती शक्य नसल्यास खोलीचे निर्लेखन करून ती पाडावी लागते. निर्लेखनास विलंब झाला की दुहेरी हानी होते. मोडकळीस आलेली खोली आवारात उभी राहते, मुले तिच्या सावलीला खेळतात; आणि नोंदवहीतील खोल्यांची संख्या पुरेशी दिसत असल्याने नव्या खोलीची गरजही उघड होत नाही. म्हणून पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यातच, छप्पर, भिंती, वीजजोडणी व संरक्षक भिंत यांची पाहणी करून तिची लेखी नोंद ठेवणे हितावह आहे.

जबाबदारी कोणाची?

खासगी शाळेला कलम १८ अन्वये मान्यता घ्यावी लागते आणि निकष पूर्ण केल्याखेरीज ती मिळत नाही. अधिनियमापूर्वीच्या शाळांना पूर्ततेसाठी कलम १९ अन्वये तीन वर्षांची मुदत होती. ती ३१ मार्च २०१३ रोजी संपली. मान्यता काढून घेतल्यानंतरही शाळा चालू ठेवल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड आणि त्यापुढील प्रत्येक दिवसासाठी दहा हजार रुपये दंडाची तरतूद आहे.

शासन व स्थानिक प्राधिकरणांच्या शाळांचा मार्ग निराळा आहे. त्यांना मान्यतेचे प्रमाणपत्र लागत नाही. त्यामुळे मान्यता जाण्याचे भयही नाही. तेथे कायद्याने कर्तव्याचा आधार घेतला आहे. शाळेची इमारत, शिक्षक व शैक्षणिक साहित्य पुरविणे हे कलम ८ अन्वये शासनाचे आणि कलम ९ अन्वये स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. अधिनियमाच्या व्याख्येनुसार जिल्हा परिषद, नगरपरिषद व महानगरपालिका यांच्याप्रमाणे पंचायतही स्थानिक प्राधिकरणात मोडते. मात्र कर्तव्य बजावले जावे यासाठी उणीव कोणीतरी नेमकेपणाने दाखवून दिली पाहिजे. ते स्थान कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीला दिले आहे.

शाळा विकास आराखडा

कलम २१ नुसार या समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असतात. शाळेच्या कामकाजावर व अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवणे आणि शाळा विकास आराखडा तयार करणे ही तिची प्रमुख कामे होत. कलम २२ मध्ये एक महत्त्वाचे वाक्य आहे : हाच आराखडा शासनाच्या वा स्थानिक प्राधिकरणाच्या योजनांचा आणि अनुदानांचा आधार असेल. म्हणजेच पालकांनी लिहिलेल्या कागदाला कायद्याने नियोजनाच्या पायाचे स्थान दिले आहे.

हा आराखडा तीन वर्षांचा असतो. त्यात इयत्तावार अपेक्षित पट, लागणारे शिक्षक, अनुसूचीच्या तुलनेत कमी पडणाऱ्या खोल्या व सुविधा आणि त्यांसाठी लागणारा निधी ही माहिती यावी. पुष्कळदा मागील वर्षाचाच मजकूर पुन्हा उतरविला जातो आणि आराखड्याचे बळ तेथेच संपते. त्याऐवजी सातही बाबींसमोर तीन प्रश्न लिहावेत : सुविधा आहे काय, ती आज वापरात आहे काय, आणि ती सर्व बालकांना पुरते काय? यू-डायस प्लसच्या पत्रकातही एकूण स्वच्छतागृहे व चालू स्थितीतील स्वच्छतागृहे यांची वेगवेगळी माहिती विचारलेली असते. पत्रक भरताना प्रत्यक्ष पाहून आकडा लिहिला, तर तोच आकडा पुढे मागणीचा आधार होतो. सोयीसाठी वाढवून लिहिलेला आकडा शाळेची गरज कागदावरून पुसून टाकतो.

आराखड्याची प्रत ग्रामपंचायतीकडे दिल्यास ग्रामपंचायत विकास आराखड्यात पाणी, स्वच्छतागृह, कुंपण यांसारखी कामे समाविष्ट करण्याचा विचार होऊ शकतो. वर्गखोल्यांची मागणी पंचायत समितीमार्फत जिल्हा परिषदेकडे जाते. तिच्यासोबत पटाची आकडेवारी, अभियंत्याचा अहवाल आणि जागेचा उतारा जोडलेला असावा. जागेची मालकी स्पष्ट नसल्यास मंजूर झालेले बांधकामही अडून राहते. दानपत्राशिवाय तोंडी दिलेल्या जागांची नोंद वेळीच करून घेणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

लेखी तक्रारीचा मार्ग

इतके करूनही उणीव राहिली, तर कलम ३२ अन्वये कोणतीही व्यक्ती स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करू शकते. संबंधितांचे म्हणणे ऐकून घेऊन तीन महिन्यांच्या आत त्यावर निर्णय देणे प्राधिकरणावर बंधनकारक आहे. निर्णय मान्य नसल्यास राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. तक्रार करणे म्हणजे शाळेशी वैर धरणे, असा एक समज ग्रामीण भागात दिसतो. प्रत्यक्षात खोली मिळावी म्हणून केलेला लेखी अर्ज मुख्याध्यापकाचे हात बळकट करतो आणि प्रस्ताव पुढे पाठविणाऱ्या अधिकाऱ्यालाही आधार देतो.

कायद्याच्या अनुसूचीत इमारतीविषयीचा मजकूर जेमतेम अर्ध्या पानाचा आहे. तो शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मोठ्याने वाचावयास काही मिनिटे पुरतात. तो वाचून झाल्यावर सर्वांनी मिळून शाळेभोवती एक फेरी मारावी, प्रत्येक दार उघडून पाहावे, प्रत्येक तोटी फिरवून पाहावी आणि जे दिसेल ते त्याच दिवशी इतिवृत्तात नोंदवावे. मुलांच्या हक्काची अंमलबजावणी ज्या कागदापासून सुरू होते, तो कागद हाच होय.